तीन कुलपांची पेटी

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हातावर पोट असलेल्या माणसाला मरणापेक्षा आपल्या मढ्याची काळजी जास्त असे. 1832 साली तिथे ॲनॅटमी ॲक्ट नावाचा कायदा झाला. त्याआधी शवविच्छेदनासाठी फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेतं डॉक्टरांना मिळत. ती पुरेनात, म्हणून रात्री थडगी उकरून प्रेतं विकण्याचा धंदाच उभा राहिला होता. त्यावर सरकारने तोड काढली ती अशी: वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयघरात, एखादा मेला आणि त्याच्यावर हक्क सांगायला कोणी आलं नाही, तर त्याचं प्रेत वैद्यकीय शाळेला द्यायचं. कालपर्यंत खुन्याला असलेली शिक्षा आता गरिबाला लागू झाली. दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, नवा गरीब-कायदा आला. धडधाकट माणसाला घरपोच मदत देणं थांबवून त्याला थेट वर्कहाउसची वाट दाखवायची, असं त्याचं धोरण. आत गेल्यावर नवरा एका भागात, बायको दुसऱ्या भागात आणि पोरं तिसरीकडेच.

हे दोन कायदे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं. नाहीतर मोठी, पोराबाळांची माणसं झालरीचे पट्टे गळ्यात अडकवून, दारावर ठरावीक टकटक करून एकमेकांना परवलीचे शब्द विचारत होती, हा सगळा पोरखेळ वाटेल. फ्रीमेसन, ऑडफेलोज, फॉरेस्टर्स, रेकबाइट्स या मंडळ्यांची नावं मराठी वाचकाने ऐकली असतील ती बहुधा गुप्त कारस्थानांच्या चघळून चोथा झालेल्या कथांतून. त्या कथा या प्रकरणापुरत्या बाजूला ठेवू. यांतल्या बहुतेक मंडळ्यांचं खरं गुपित म्हणजे त्यांचा हिशेब होता.

फ्रेडरिक ईडन या अभ्यासकाने 1801 साली अंदाज बांधला की इंग्लंड आणि वेल्समध्ये आजारपणात-मरणात सभासदाला पैशाने सांभाळणाऱ्या अशा सुमारे 7,200 सोसायट्या असाव्यात आणि त्यांचे मिळून 6 लाख 48 हजार सभासद. सरकारने त्यांना 1793 मध्येच कायद्याने मान्यता दिली होती. सोसायटी म्हणजे काय, तर वस्तीतल्या पबच्या माडीवरची एक खोली, महिन्यातली एक ठरलेली संध्याकाळ आणि एक पेटी. पेटीला तीन कुलपं, तिन्ही किल्ल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे. तिघंही हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. एकाला मोह झाला तर बाकीचे दोघे आडवे येतील, इतकाच त्यामागचा विचार, पण विचार पक्का. खोलीचं भाडं बहुधा नसायचं. त्याऐवजी सभासदांनी मालकाची बिअर प्यायची. जमा झालेल्या पैशातला काही भाग असा घशाखाली जातो हे पाहून चिडलेल्या लोकांनी 1835 मध्ये सॉलफर्डला रेकबाइट्स ही कडक दारूबंदीवाल्यांची सोसायटी काढली. इतर मंडळ्या आपल्या शाखेला लॉज म्हणत, रेकबाइट्स तंबू म्हणत.

सभासद आठवड्याला काही पेन्स या हिशेबाने वर्गणी भरायचा. आजारी पडून काम बंद झालं की त्याला भत्ता सुरू व्हायचा. शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ठिकाणी तो आठवड्याला 10 शिलिंगच्या आसपास होता, आणि आजार लांबला तर निम्मा व्हायचा. मेला तर दफनासाठी ठोक रक्कम, बायको गेली तर त्याहून कमी. शिवाय लॉजमधले भाऊ आपापले पट्टे घालून प्रेतयात्रेला येणार, आणि न येणाऱ्याला दंड. ज्याच्या मागे पट्टेवाली पन्नास माणसं चालत आहेत, त्याचं प्रेत बेवारस म्हणून टेबलावर जाणं शक्य नव्हतं.

दंडांची यादी वाचण्यासारखी असते. शिवी दिली, दंड. पिऊन आला, दंड. अध्यक्ष बोलत असताना मध्ये तोंड घातलं, दंड. आणि जवळजवळ प्रत्येक सोसायटीच्या नियमांत एक कलम ठरलेलं: सभेत धर्म आणि राजकारण काढायचं नाही. यात उदात्त काही शोधायला जाऊ नये. अँग्लिकन आणि मेथडिस्ट एकमेकांच्या उरावर बसले असते तर पुढच्या महिन्याची वर्गणी कोणी भरली असती?

आता यातला अवघड भाग. मरण खोटं सांगता येत नाही, पण आजारपण येतं. ‘कंबर धरलीय’ म्हणणाऱ्याची कंबर खरंच धरली आहे की नाही, हे लंडनमध्ये बसलेली कुठलीही कंपनी ओळखू शकत नव्हती. त्या काळच्या विमा कंपन्या मजुरांच्या आजारपणाच्या विम्याच्या वाटेला फारशा जात नसत, त्याचं हे मोठं कारण. लॉजला मात्र ते जमायचं. आजाऱ्याला भेटायला लॉजतर्फे माणूस जायचा, भत्त्याचे पैसे हातात ठेवायचा, तब्येत विचारायचा आणि डोळे उघडे ठेवायचा. भत्ता घेणाऱ्याने अमुक वाजल्यानंतर घराबाहेर दिसायचं नाही, पबमध्ये बसायचं नाही, काम करायचं नाही. भेटीला येणारा त्याच गल्लीतला, कदाचित त्याच गिरणीतला. त्याला फसवणं कठीण, आणि फसवलं तर गल्लीत तोंड दाखवणं त्याहून कठीण. माया आणि पाळत या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच भेटीत करायच्या होत्या. बंधुभावाच्या गोड व्याख्यांत हा पाळतीचा भाग सहसा गाळला जातो, पण तो काढला तर पेटी सहा महिन्यांत रिकामी झाली असती.

भत्ता घेणाऱ्याला कोणाचे उपकार मानावे लागत नसत, हे मला यातलं सर्वांत मोठं मूल्य वाटतं. चर्चमधून किंवा गावच्या जमीनदाराच्या बायकोकडून मदत घेताना मान खाली जायची. आपण देवाला भिऊन वागणारे, कष्टाळू, निर्व्यसनी आहोत हे पटवून द्यावं लागायचं. लॉजचा पैसा आपलाच. आज माझा भाऊ आजारी, उद्या मी. एवढ्यापुरती ती आपली भिशीच. फरक इतकाच की भिशी कधी ना कधी लागणारच हे ठाऊक असतं आणि इथे ती आपल्याला कधी न लागो अशीच प्रत्येकाची इच्छा असायची.

मँचेस्टर हे या चळवळीचं मोठं केंद्र बनलं, ते गिरण्यांमुळे. खेड्यातून आलेल्या माणसाला शहरात ना भाऊबंद ना चर्चमधला ओळखीचा पाद्री. 1810 साली ऑडफेलोजमधल्या काही लॉजनी जुन्या संघटनेतून फुटून ‘मँचेस्टर युनिटी’ स्थापन केली आणि 1840च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिचे सभासद दोन लाखांच्या पुढे गेले. फॉरेस्टर्सनी 1834 मध्ये अशीच नवी चूल मांडली. अनेक लॉज एका छत्राखाली आल्याचा फायदा फिरत्या कारागिराला झाला. काम सुटलं की तो दुसऱ्या गावी चालत निघायचा, तिथल्या लॉजचं दार वाजवायचा आणि रात्रीचा निवारा व थोडे पैसे मिळवायचा. पण हा खरंच आपला भाऊ कशावरून? फोटो नाही, ओळखपत्र आहे ते खोटं असू शकतं. मग हात मिळवण्याची खास पद्धत, दारावरची खूण आणि ठरावीक काळाने बदलणारा परवलीचा शब्द. वर्गणी थकलेल्याला नवा शब्द कळायचा नाही. गुप्ततेचा जो एवढा बाऊ झाला, तिचा रोजचा उपयोग हा होता.

सरकारला मात्र शपथ आणि गुप्तता हे शब्द ऐकूनच धडकी भरायची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या आणि आरमारातल्या बंडाच्या धास्तीने 1797 मध्ये बेकायदा शपथांविरुद्ध कायदा झाला होता. दोन वर्षांनी गुप्त सोसायट्यांवर बंदी आली तेव्हा फ्रीमेसन मंडळींना त्यातून सवलत मिळाली. त्यांच्यात उमराव आणि राजपुत्र होते, त्यामुळे नवल नाही. शेतमजुरांना अशी सवलत कोण देणार? 1833 मध्ये डॉर्सेट परगण्यातल्या टॉलपडल गावच्या सहा मजुरांनी आपली सोसायटी काढली. मजुरी उतरत चालली होती, ती रोखायची होती. नवा सभासद घेताना त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, पट्टी सोडली की समोर सांगाड्याचं चित्र, आणि मग शपथ. 1834 मध्ये पकडले गेले ते या शपथेवरून. कामगारांनी एकत्र येणं तेव्हा गुन्हा उरला नव्हता, म्हणून जुना 1797चा कायदा बाहेर काढला. जॉर्ज लव्हलेस आणि त्याच्या पाच सोबत्यांना सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडलं. देशभर एवढा गदारोळ झाला की दोन वर्षांत त्यांना माफी द्यावी लागली.

सांगाड्याचं हे प्रकरण ऑडफेलोजच्या अमेरिकन लॉजमध्ये तर आणखी रंगलं. तिथे चित्रावर भागवत नसत, खरा सांगाडा शवपेटीत ठेवत. उमेदवाराला डोळे बांधून, साखळी घालून अंधाऱ्या खोलीत फिरवायचं आणि एकदम पट्टी काढून मशालीच्या उजेडात मरण दाखवायचं. अलीकडे जुन्या लॉजच्या इमारती विकल्या जातात, नवा मालक भिंत फोडतो आणि आत हाडं पाहून पोलिसांना बोलावतो, असे प्रकार तिकडच्या छोट्या शहरांत घडले आहेत. पण त्या खोलीतल्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. फोरमन असो की हमाल, तोच अंधार, तीच साखळी, तीच घाबरगुंडी. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटल्यावर दोघांना एकमेकांबद्दल एक गोष्ट ठाऊक असते, जी बाकी गावाला ठाऊक नसते.

आणि खुर्च्या. दिवसभर गिरणीत मुकादमाचं ऐकणारा विणकर लॉजमध्ये ‘नोबल ग्रँड’, म्हणजे अध्यक्ष, होऊ शकायचा. पदवी हास्यास्पद आहे खरी, पण त्या पदवीखाली त्याला सभा चालवावी लागायची, ठराव मतास टाकावा लागायचा, भांडणाऱ्या दोघांना खाली बसवावं लागायचं, इतिवृत्त लिहून घ्यावं लागायचं, जमाखर्च तपासावा लागायचा. त्या काळी त्यांतल्या बहुतेकांना संसदेच्या निवडणुकीत मत नव्हतं.

हिशेब मात्र सुरुवातीला सगळ्यांचाच कच्चा होता. विशीतल्या आणि पन्नाशीतल्या सभासदाला वर्गणी एकच. सोसायटी तरुण असेपर्यंत पेटी भरलेली दिसायची, आणि भरलेली पेटी पाहून भत्ता वाढवायचा मोह व्हायचा. मग सभासद एकदमच म्हातारे व्हायचे. उमेदीत भरलेले पैसे गरजेच्या वेळी नाहीत, असं हजारो कुटुंबांचं झालं. हेन्री रॅटक्लिफ हा मँचेस्टर युनिटीचा सचिव. विद्यापीठातला गणिती नव्हे. त्याने 1846 ते 1848 या काळातल्या लॉजच्या नोंदी मागवल्या, कोणत्या वयाचा, कोणत्या धंद्यातला माणूस वर्षाला किती आठवडे आजारी पडतो याची कोष्टकं मांडली आणि 1850 साली छापली. कष्टकऱ्यांच्या आजारपणाबद्दल इतकी भरघोस माहिती तोवर क्वचितच कोणी गोळा केली होती. कोष्टकांचा निष्कर्ष कटू होता: वर्गणी वयाप्रमाणे हवी. लॉज-लॉजमध्ये त्यावरून भांडणं झाली, काही फुटूनही गेल्या, पण शेवटी गणिताचंच खरं झालं.

अमेरिकेने हीच चूक मोठ्या प्रमाणावर पुन्हा केली. लंडनहून आलेला थॉमस वाइल्डी हा लोहारकाम जाणणारा माणूस. त्याने 1819 मध्ये बॉल्टिमोरला ऑडफेलोजची लॉज सुरू केली. आजाऱ्याला भेटा, अडलेल्याला मदत करा, मेलेल्याला पुरा, पोरक्याला शिकवा, ही त्यांची चार कामं. तिकडे लॉजचे भाऊ आजाऱ्याच्या उशाशी आळीपाळीने रात्र जागवत. पुढे 1868 साली जॉन अपचर्च नावाच्या रेल्वे कामगाराने पेन्सिल्व्हेनियात ‘युनायटेड वर्कमेन’ ही संघटना काढली आणि आयुर्विम्याची सोपी युक्ती बसवली: सभासद मेला की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर काढायचा, आणि त्यातून विधवेला 2,000 डॉलरपर्यंत रक्कम द्यायची. राखीव निधी नाही, गुंतवणूक नाही, फंद नाही. सभासदांचं वय वाढलं तसे मृत्यू वाढले, वर्षातून काढायचे डॉलर वाढले. तरुण मंडळी नव्या, तरुण संघटनेकडे निघून गेली आणि जुनीत म्हातारेच उरले. तरीही डेव्हिड बीटो या इतिहासकाराच्या अंदाजाने 1920च्या सुमारास अमेरिकेतल्या दर तीन प्रौढ पुरुषांमागे एक कुठल्या ना कुठल्या लॉजचा सभासद होता.

भाऊ म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र या मंडळ्यांना शेवटपर्यंत नीट सुटला नाही. अमेरिकेतल्या ऑडफेलोजच्या नियमांत गोऱ्या पुरुषांनाच प्रवेश होता. बायकांसाठी 1851 मध्ये ‘रिबेका’ नावाची वेगळी पायरी काढली, पण ती बाजूची खोली होती. पीटर ऑग्डेन या काळ्या खलाशाने अमेरिकन लॉजची मनधरणी करण्यात वेळ घालवला नाही. त्याचं सभासदत्व इंग्लंडमधल्या ऑडफेलोजच्या दुसऱ्या शाखेचं होतं. तिथून सनद आणून त्याने 1843 साली न्यूयॉर्कला काळ्या सभासदांची लॉज उघडली. रिचमंडमध्ये मॅगी वॉकर ही धोबिणीची मुलगी 1899 मध्ये ‘सेंट ल्यूक’ मंडळीची प्रमुख झाली, तेव्हा तिजोरीत 31 डॉलर आणि 61 सेंट होते, आणि देणी त्याच्या कितीतरी पट. तिने 1902 मध्ये वर्तमानपत्र काढलं, 1903 मध्ये बँक काढली. अमेरिकेत बँक स्थापन करणारी ती पहिली काळी स्त्री. मिसिसिपीतल्या माउंड बायू या काळ्यांच्या गावात ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबर’ या मंडळीने 1942 साली स्वतःचं रुग्णालय बांधलं. कापूस वेचणाऱ्या बाईला तिथे पुढच्या दाराने आत जाता येई. ज्यांना गोऱ्यांच्या लॉजने दार लावलं, त्यांनी लॉज या कल्पनेचं सोनं केलं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही.

मुंबईतही 1843 सालीच हा प्रश्न उभा राहिला. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या इंग्रजांच्या फ्रीमेसन लॉजने प्रवेश नाकारला होता. त्यांनी युरोपात जाऊन पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेतली. ते परतल्यावरही मुंबईच्या साहेबांचं मन पालटेना. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स यांनी पुढाकार घेऊन ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही हिंदी लोकांसाठीची लॉज काढली. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना आत घ्यायला 1872 उजाडलं. अनेक देव मानणारा हिंदू एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा तिथल्या साहेबांचा आक्षेप होता. त्याच गावी 1884 मध्ये नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, सभासद झाले. फ्रीमेसनांची वर्गणी जबर आणि मदत दानाच्या स्वरूपाची, हक्काची नव्हे. त्यामुळे गिरणगावातल्या माणसाशी त्यांचा संबंध नव्हता. गिरणी कामगाराची लॉज म्हणजे गावाची खोली. लालबाग-परळात एका गावचे वीस-पंचवीस जण एकच खोली घेऊन पाळीपाळीने झोपत, आणि कोणी आजारी पडला की गावाचं मंडळ पट्टी काढून त्याला बोटीने किंवा एसटीने घरी पोचवी.

ब्रिटनमधल्या लॉजची ताकद गेली ती सरकारने तीच कल्पना उचलल्यावर. 1911च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगाराकडून आठवड्याला चार पेन्स, मालकाकडून तीन आणि सरकारकडून दोन घेऊन आजारपणात 10 शिलिंग द्यायचं ठरवलं. कारभार ‘मान्यताप्राप्त सोसायट्यां’कडे सोपवला. लॉजवाले खूश झाले. पण त्या यादीत बड्या विमा कंपन्याही शिरल्या, आणि ज्याला सभेला जायचा कंटाळा त्याने एजंटाकडे कार्ड दिलं. 1948 मध्ये सोसायट्यांना या कामातून पूर्ण वगळलं. अमेरिकेत डॉक्टरांच्या संघटना आधीपासूनच पेटल्या होत्या: लॉज एका डॉक्टरशी ठोक करार करून वर्षाला माणशी एक-दोन डॉलरात सगळ्यांचं औषधपाणी करून घेत, आणि अशी कामं घेणाऱ्या डॉक्टरांवर त्यांच्याच बिरादरीने बहिष्कार टाकला. नंतर मालकांचे सामूहिक विमे आले, महामंदी आली, 1935चा सामाजिक सुरक्षा कायदा आला. आपल्या वर्गणीतून जगणारी संस्था सभासदाचीच नोकरी गेल्यावर किती तग धरणार?

मुंबईत धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत आणि आसपासच्या गल्ल्यांत मात्र या जातीची एक संस्था अजून चालू आहे. गोवेकरांचे क्लब, त्यांच्या भाषेत कूड. एका गावाचा एक कूड. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातून बोटीवर खलाशी, खानसामे, बँडवाले म्हणून नोकरीला निघालेल्या माणसांनी ते काढले. भिंतीला लागून ओळीने ट्रंका, एका टोकाला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. दारू नाही, बाई नाही, नियम मोडला तर बाहेर. मासिक वर्गणी नावालाच. आजारी पडला तर शेजारच्या खाटेवरचा गाववाला बघणार, इथेच मेला तर दफनाची सोय गाववालेच करणार. विमा आता कंपनी काढते आणि पैसे बँकेत जातात, त्यामुळे कूडाच्या पेटीला पूर्वीचं महत्त्व नाही. तरी क्रूझ जहाजावरचा करार संपवून आलेला किंवा नव्या कराराआधी वैद्यकीय तपासणी आणि व्हिसासाठी मुंबईत थांबलेला गोव्यातल्या सासष्टीचा तरुण ट्रंक घेऊन तिथेच येतो. कंपनीचा निरोप आठ दिवसांत येईल की दोन महिन्यांत, हे त्याला ठाऊक नसतं, आणि तेवढे दिवस फोर्टातल्या हॉटेलात काढणं त्याच्या पगाराला झेपणारं नसतं.